बाहेरून कुलूप

"नीट लाव. वढून बग एकदा," दाराच्या आतून सोजराबाई म्हणाली.

बाहेर शेजारच्या लिंगम्मानं कुलूप ओढून बघितलं. कडी खडखडली.

"बसलंय, अक्का."

"किल्ली कनवटीला खोच. आन् कुणी इच्यारलं तर काय सांगशील?"

"हुमनाबादला गेली, लेकीकडं."

"कवा गेली?"

"काल संध्याकाळच्या गाडीनं."

"कुठल्या गाडीनं म्हून इच्यारलं तर?"

"अय्यो अक्का, येळवशीच्या दिशी कोण गाडी इच्यारतंय? समद्याला रानात जायची घाई." लिंगम्माच्या डोक्यावर आंबलीची बिंदगी, म्हणजे घागर, होती. ती एका हातानं सावरत तिनं दाराच्या फटीशी तोंड नेलं. "मी दिस मावळायला येते. तवर गप बसून ऱ्हावा."

"मला गप बसायला शिकवू नगंस. जा."

लिंगम्माची पावलं लांब गेली. सोजराबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. हे तिसरं वर्ष होतं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, या भागात गावं ओस पडतात. ज्याला रान आहे तो बिऱ्हाड घेऊन रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतो, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून आत मांडतो, बांधाकडेनं आंबील शिंपडतो आणि मग येईल त्याला दाण्या-पाल्याची घट्ट भज्जी आणि भाकरी वाढतो. ज्याला रान नाही त्याला दहा जण बोलावतात. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. त्या दिवशी गावात कुणी उपाशी राहत नाही, कारण गावात कुणी राहतच नाही. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं रानात जातात.

अडतीस वर्षं सोजराबाई बोलावणारी होती. कडगंचीच्या वाटेला तिचा अकरा एकर मळा होता आणि येळवशीला त्या मळ्यात शंभर पान उठायचं. पितळेचं भलं मोठं पातेलं चुलीवर चढवून ती पदर खोचून उभी राहायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालायचा. कुणी कमी खाल्लं तर शिवी, कुणी न खाता निघालं तर दोन शिव्या. मग कडगंचीला विद्यापीठ आलं, जमिनींचे भाव चढले आणि मळा विकला गेला. तिचा श्रीमंत नावाचा मुलगा पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. मळ्यात आता ओळीनं पांढरे दगड होते, प्लॉटांच्या खुणा दाखवणारे.

पहिल्या वर्षी बाराजणांनी बोलावलं होतं. आमच्याकडं या, आमच्याकडं या. सोजराबाईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "मी लेकीकडं चालले." लेकीच्या सासरच्या शेतात पाहुणी म्हणून बसणंही तिला जमणारं नव्हतं. म्हणून हे कुलूप.

दहा वाजले असतील. गल्लीत आवाज म्हणून नव्हता. सोजराबाईनं तांदूळ निवडायला घेतले. निवडून झालेले पुन्हा निवडले. आणि मग ती धडधड सुरू झाली.

गेल्या वर्षीही झाली होती. तेव्हा तिनं घरातली सगळी भांडी घासून काढली आणि धडधड गेली. यंदा भांडी घासूनही जाईना. छातीत कुणी उखळात कांडावं तसं कांडत होतं. तळहात ओले झाले. छत खाली आल्यासारखं वाटलं. ती उठून दाराकडे धावली, दार ओढलं, आणि मग तिला आठवलं की कुलूप बाहेरून आहे आणि किल्ली दोन कोसांवर लिंगम्माच्या कनवटीला आहे. हे तिचंच करणं होतं. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं.

"आत कोण हाय?" बाहेरून बाईचा आवाज आला.

सोजराबाईचे हात थांबले. "कुणी न्हाई."

"मंग बोलायलंय कोण?"

सोजराबाई दारापासून एक पाऊल मागं सरली.

"सोजराबाई, तुमचा आवाज मला वळखायचा न्हाई व्हय? तीस वर्सं शिव्या खाल्ल्यात त्या आवाजाच्या."

कोंडाबाई होती. बौद्धवाड्यातली. तीस वर्षं सोजराबाईच्या मळ्यात खुरपायला होती. गुडघ्यामुळं चालायला उशीर लागायचा म्हणून ती सगळ्यांच्या मागून निघाली होती.

"तू जा, कोंडे. तुझं काय काम हितं?"

"कुलूप बाहीरून आन् माणूस आतून. ही कुठली तऱ्हा म्हणायची?"

"जा म्हणते ना..." पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. श्वासच पुरेना.

बाहेर कोंडाबाई पायरीवर बसली. गुडघा मोडताना तिनं "आई गं" म्हटलेलं आत ऐकू आलं. मग तिनं फोनवर कुणाला तरी दोन शब्द सांगितले, "मंगल, लिंगम्माकडनं किल्ली घे अन् पळत ये." आणि दाराकडे तोंड करून विचारलं, "सोजराबाई, मळ्यात आंबे किती हुते?"

"काय?"

"आंब्याची झाडं. तुमच्या मळ्यात. किती हुती?"

"सात," सोजराबाई धापा टाकत म्हणाली.

"आठ."

"सात! मळा माझा, आन् मोजायला तू मला शिकवतीस?"

"इहिरीच्या अंगाचा गोटी धरला का न्हाई तुमी?"

"त्यो आंबा हुता व्हय? त्यो कोय पडून उगवलेला. त्येला कुणी लावलं न्हवतं."

"लावला न्हाई म्हून काय झालं. माझ्या मंगलनं त्येच्या बुडाला पाळण्यातली झोप काढली. त्यो मोजायचा."

"बरं, मंग खोबऱ्या आंबा काढ. त्यो वटला त्या साली."

"वटला न्हाई. वीज पडली त्येच्यावर. वरला फाटा गेला, खालून फुटला."

"वटला!"

"फुटला. तुमी बाळातपणाला म्हायेरी, मादन हिप्परग्याला हुतात. बगायला म्या हुते."

ते खरं होतं. सोजराबाईनं आपल्याच मळ्यातलं एक झाड फुटलेलं बघितलं नव्हतं आणि या बाईनं बघितलं होतं. ती दाराला टेकून खाली बसली. मग दोघींनी विहिरीच्या पायऱ्या मोजल्या, पाटाची वळणं मोजली, कुठल्या तुकड्यात हराळी जास्त होती त्यावरून भांडल्या. भांडता भांडता कधीतरी छातीतलं कांडण थांबलं. केव्हा थांबलं ते सोजराबाईला कळलंही नाही.

"आंबील घ्या थोडी," कोंडाबाई म्हणाली आणि खिडकीच्या गजांतून तांब्या आत सरकवला.

सोजराबाईनं तांब्याकडे बघितलं. ताकाचा, ज्वारीचा, लसणाचा ओळखीचा आंबट वास घरात पसरला. तिला तहान होती. पण कोंडाबाईच्या घरचं खाणं या घरात कधी आलं नव्हतं. येळवशीला तीच कोंडाबाईला वाढायची, तेही बांधापलीकडे, वरून, अंतर ठेवून. तिनं तांब्या उचलला, मोरीत ओतला आणि रिकामा करून खिडकीतून परत दिला.

"चांगली झालती," ती म्हणाली.

"मोरीला आवडली म्हणा की," कोंडाबाई बाहेरून म्हणाली. किल्ली येईपर्यंत ती पायरीवरून उठली नाही.

किल्ली घेऊन आली ती तिची मुलगी मंगल. गावातली आशा कार्यकर्ती. दार उघडून तिनं सोजराबाईची नाडी धरली, पाणी दिलं.

"गावात बोभाटा करशील आता," सोजराबाई म्हणाली.

"माय, गावाला दोन वर्सापासून ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुमची अंबिका हुमनाबादहून मलाच फोन करती. माय जेवली का बगून ये म्हणती. लेक हितं फोन करायली आन् तुमी लेकीकडं गेल्यात, हे कसं जमायचं?"

सोजराबाईनं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"धडधडीचं हे दुखणंच असतंय," मंगल म्हणाली. "आळंदला म्हयन्यातनं एकदा डाक्टर येतो. मी नेते तुमाला. आन् सकाळी मळ्यात येत जावा."

"कुठल्या मळ्यात? माझा मळा कुठं ऱ्हायलाय?"

"आमच्या. तुमीच नाव ठिवलंय की त्येला."

तेही खरं होतं. तळ्याच्या खाली पंचायतीची अडीच एकर पडीक जमीन होती. मंगलनं ती मागून घेतली होती. घरोघर फिरताना तिला दिसायचं की कुणाला झोप नाही, कुणाला अन्न जात नाही, कुणी चार चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेलं. गोळी मिळते, पण गोळी गिळून माणूस पुन्हा त्याच खोलीत, त्याच भिंतीसमोर. मग तिनं असे आठ जण गोळा केले आणि रोज सकाळी दोन तास त्यांना त्या रानात न्यायला लागली. आठाचे चौदा झाले. मजुरी नाही, मालक नाही. जे पिकेल ते सारखं वाटायचं. नियम एकच, तू इथं का आलास असं कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि पहिल्याच आठवड्यात, पारावर बसून, सोजराबाईनं त्याचं नाव ठेवलं होतं, येड्यांचा मळा. सगळ्या गावाच्या तोंडी तेच बसलं.

"मला त्या येड्यांत बसवतीस व्हय?" ती म्हणाली.

"बसायला कोण सांगतंय? लई काम हाय तितं," मंगल म्हणाली आणि गेली.

सोजराबाई डॉक्टरकडे गेली. गोळ्या आणल्या. झोप लागायला लागली. मळ्याकडे मात्र फिरकली नाही. पंधरा दिवसांनी तळ्यावरून येताना तिची नजर सहज तिकडे गेली आणि पाय जागीच थांबले.

रामकिशन कांद्याचे वाफे पाडत होता. हा लॉरीवर ड्रायव्हर होता. हायवेला हुमनाबादच्या पुढं अपघात झाला, त्याचा क्लीनर गेला, आणि तेव्हापासून रामकिशनच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. दीड वर्ष. त्यानं पाडलेले वाफे बघून सोजराबाईच्या अंगाची आग झाली.

"काय रं, पाणी वर चढणार हाय व्हय?" ती बांधावरूनच ओरडली. "उतार कुणीकडं हाय, तू पाडायलास कुणीकडं! तळ्याला परत पाणी पाजायचंय का तुला?"

रामकिशननं वर बघितलं. हातातलं खोरं तिच्यापुढं धरलं.

सोजराबाईनं इकडे तिकडे बघितलं. चौदा माणसं आपापल्या कामात होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, किंवा बघत नसल्याचं दाखवत होतं. तिनं पदर खोचला, चपला बांधावर काढल्या आणि आत उतरली. "मी काय ऱ्हायला आले न्हाई," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "एवढा वाफा सुधारून जाते."

त्या दिवशी चार वाफे सुधारले. दुसऱ्या दिवशी उरलेले सुधारायला ती आली. तिसऱ्या दिवशी तिला काहीच सांगावं लागलं नाही. आठवड्याभरात मळ्यात तिचाच आवाज घुमायला लागला. हरभऱ्याचे शेंडे कसे खुडायचे, आळ्याला माती किती लावायची, कोथिंबिरीचं बी आधी रगडायचं का नाही, सगळ्यात तिचं तोंड. सगळ्यांत जास्त शिव्या रामकिशनला मिळायच्या, कारण तो उलट उत्तर देत नव्हता.

"त्या येड्यांच्या मळ्यात तूबी जातीस म्हणं," पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तिला डिवचलं.

"जाते की. शाण्यांचा मळा दावा, तितंबी येते. तुमच्यातल्या एकाच्या तरी हाताला माती हाय का बगा."

माघात एका सकाळी ती कांद्याला पाणी देत होती. दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यानं पाणी वळवायला, रामकिशन होता. तिथून कडगंचीच्या वाटेवरचे पांढरे दगड दिसायचे. एरवी ती तिकडे पाठ करून काम करायची. त्या दिवशी का कोण जाणे, ती वळून बघत उभी राहिली.

"त्यो माझा मळा," ती म्हणाली. "लोक म्हणत्यात पोरानं माईला फसवलं. मीबी म्हणू देते. खरं सांगू का रं तुला? कुणी फसवलं न्हाई. श्रीमंत म्हणला, माय, तुझं मन नसंल तर ऱ्हाऊ दे. त्येच्या सासऱ्याचा पुण्यात बंगला. पोरगं त्येंच्याम्होरं खाली मान घालून बसायचं, ते मला बघवंना. सही म्याच केली." तिनं ओल्या मातीवर बोटानं रेघ ओढली. "रातीच्या शाळेत पाच अक्षरं शिकले जल्मात. सोजराबाई, बास. कुठं कामाला आली न्हाईत ती कवा. आली ती एकदाच, मळा द्यायला. आंगठा असता तर म्हणता तरी आलं असतं, कळलं न्हाई म्हून."

रामकिशन तिच्याकडे बघत होता. पहिला वाफा भरून पाणी काठाला लागलं होतं.

"माय," तो म्हणाला, "पाणी दुसऱ्या वाफ्याला फोडू का?"

आवाज गंजल्यासारखा होता. पलीकडे खुडणाऱ्या बायांचे हात थांबले. मंगल हातातच असलेलं खुरपं आजूबाजूला शोधायला लागली.

"मंग काय पहिल्याला बुडवून मारतूस?" सोजराबाई खेकसली. "फोड की लवकर!"

त्यानं खोऱ्यानं माती ओढली. पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरलं.

त्यानंतर रामकिशन दिवसाला चार-पाच वाक्यं बोलायला लागला. सगळी पाण्याबद्दल. आणि सोजराबाई पांढऱ्या दगडांकडे तोंड करूनही खुरपायला लागली. धडधड पुढंही दोनदा झाली. एकदा घरात, एकदा बाजारात. दोन्ही वेळा तिनं मनातल्या मनात आंबे मोजले. आठ.

पावसाळ्यात तुरीची खुरपण आली. खुरपायला बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीची आपली पात. सगळ्या पाती बरोबरीनं पुढं सरकल्या पाहिजेत. एखादी मागं पडली की शेजारची तिच्या पातीतलं थोडं आपल्या खुरप्यानं ओढून घेते, न बोलता, म्हणजे ती पुन्हा बरोबरीला येते. सोजराबाई अडतीस वर्षं मालकीण म्हणून बांधावर उभी राहिलेली. खुरपं हातात धरलं तरी बसून सरकण्याची सवय नव्हती. अर्ध्या रानात ती मागं पडली. शेजारच्या पातीवर कोंडाबाई होती.

थोड्या वेळानं सोजराबाईनं बघितलं तर पुढचं हातभर तण आधीच निघालेलं होतं.

"कोंडे, माझ्या पातीत हात घालू नगंस."

"तीस वर्सं तुमच्या अख्ख्या रानात घातला, तवा चालला," कोंडाबाई खुरपं न थांबवता म्हणाली.

"तवा तुला त्येचं मिळत हुतं."

"मिळायचं की. आन् येळवशीला बांधावर जेवाण मिळायचं. तुमी समदी आंब्याखाली सावलीला. आमी बांधावर. जेवाण झ्याक असायचं, खोटं कामून बोलू? पर दुपारचं ऊन निस्तं पाठीवर. भाकर गोड लागायची आन् पाठ भाजायची."

ती तक्रार करत नव्हती. हराळी किती माजलीय असं सांगावं तशी सांगत होती. सोजराबाईनं खाली मान घालून खुरपायला सुरुवात केली. कोंडाबाईनं पुन्हा हातभर तण ओढून घेतलं. या वेळी सोजराबाईनं ओढू दिलं. दोघींच्या पाती बरोबरीनं बांधाला लागल्या.

दिवाळी झाली. मार्गशीर्ष लागला. अमावास्येच्या आठ दिवस आधी श्रीमंतचा फोन आला.

"माय, ह्या येळवशीला हिकडं पुण्याला ये. घरात एकटी कामून बसतीस? मी गाडी पाठवतो."

"मला येळ न्हाई. आमच्या मळ्यात येळवस हाय."

"कुठल्या मळ्यात?"

"येड्यांच्या," ती म्हणाली. "तुला यायचं तर तू ये. पोरांना घेऊन ये. भज्जी लई करणार हाय मी."

फोनवर ती असं बोलून गेली खरी, पण आदल्या दिवसापर्यंत तिचं तिलाच नक्की नव्हतं. काम करायला जाणं वेगळं. येळवशीला, सगळ्या शिवारादेखत, दुसऱ्याच्या म्हणायच्या रानात जाऊन पान मांडून बसणं वेगळं. एकदा बसली की अडतीस वर्षांची मालकीण संपली. कुलूप तर कोनाड्यात तेल घालून ठेवलेलं होतंच.

अमावास्येला उजाडतानाच लिंगम्मा दारात आली. डोक्यावर बिंदगी, हात पुढं केलेला.

"अक्का, कुलूप द्या. लावून जाते."

घरात चुलीचा धूर भरलेला होता. सोजराबाई पितळेचं पातेलं दोन फडक्यांनी धरून उतरवत होती. तीन वर्षं माळ्यावर पडलेलं ते पातेलं चिंचेनं घासून लखलखत होतं. आत तुरीचे दाणे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, चिंच, डाळीचं पीठ, सगळं रटरटत होतं.

"शंभर माणसाचं केलंय व्हय?" लिंगम्मा बघतच राहिली.

"हात आखडून करायला मला येत न्हाई. धर एका बाजूनं, बाहीर काढ."

पातेलं बाहेर आलं. सोजराबाईनं दार ओढलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला खोचली.

"कुणी इच्यारलं तर काय सांगू, अक्का?" लिंगम्मानं तोंड दाबून हसत विचारलं.

"दात काढू नगंस. चल."

मळ्यात रामकिशननं कोप उभी केली होती. कडब्याच्या पेंढ्या इतक्या घट्ट बांधल्या होत्या की सोजराबाईला नाव ठेवायला जागा सापडेना. पांडव मांडून झाले, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. कोपीपुढं आंबील शिंपडायचा मान रानाच्या मालकाचा. इथं मालक पंधरा.

"सोजरामायनं शिंपावं," मंगल म्हणाली.

"मी मालकीण हाय व्हय? मालकीण मागंच संपली," सोजराबाई म्हणाली. मग तिनं कोंडाबाईकडे बघितलं. "तू शिंप."

"आमी पूजा न्हाई करत, ठावं हाय तुमाला," कोंडाबाई म्हणाली. "भज्जी तेवढी खातो. देवाचं तुमचं तुमी बगा."

शेवटी ठरलं, ज्याला पटेल त्यानं आपापल्या पातीपुरतं शिंपावं. बांधाकडेनं माणसांची एक वेडीवाकडी ओळ फिरली. कुणी ओंजळीनं शिंपलं, कुणी कडुलिंबाच्या डहाळीनं. रामकिशननं फक्त पाटाच्या तोंडाशी शिंपलं. बिंदगी जड होती आणि सोजराबाईचा हात भरून आला होता. तेव्हा कोंडाबाईनं दुसऱ्या बाजूनं बिंदगी धरली. "देवासाठी न्हाई," ती म्हणाली, "पडंल म्हून."

पानं मांडली. तळ्याकडच्या कडुलिंबाखाली मंगलनं घोंगड्या अंथरल्या. "माय, हितं बसा, सावलीत," तिनं मधली जागा झटकली. सगळे बसले. आजूबाजूच्या रानांतून माणसं यायला लागली. पारावरचा तो म्हातारासुद्धा आला आणि सोजराबाईनं त्याच्या पानात दोन डाव जास्तीची भज्जी घातली, "खा. येड्यांच्या हातची हाय. बादत न्हाई."

सगळ्यांना वाढून झाल्यावर तिनं आपलं ताट घेतलं. कडुलिंबाखाली तिची जागा मोकळी होती. कोंडाबाई शेजारीच बसली होती, गुडघा लांब करून. सोजराबाई क्षणभर तिथं थांबली. मग वळली आणि ताट घेऊन चालत बांधावर गेली. उघड्यावर, दगड हातानं बाजूला सारून, खाली बसली.

"माय, तितं कुठं?" मंगल उठायला लागली. कोंडाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

सोजराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला, खाल्ला. दुपार चढलेली होती. लुगड्यातून ऊन आत शिरलं. तिनं आणखी एक घास खाल्ला. मानेवरून घाम ओघळला.

"कोंडाबाई," तिनं हाक मारली.

"काय?"

"ऊन लई लागतंय गं पाठीला."

"लागतंयच की," कोंडाबाई सावलीतून म्हणाली.

मग ती उठली. गुडघ्यावर हात टेकत, लंगडत, आंबलीचा तांब्या घेऊन बांधापर्यंत आली. सोजराबाईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि मान मागं टाकून शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. रिकामा तांब्या तिनं उपडा करून दाखवला.

"सावलीला चला आता," कोंडाबाई म्हणाली.

"तू जा," सोजराबाई म्हणाली. "माझं अजून निम्मं ताट ऱ्हायलंय."

कोंडाबाई परत जाऊन बसली. सोजराबाई तिथंच राहिली. समोर कडगंचीच्या वाटेवर पांढरे दगड उन्हात चमकत होते. त्यांच्याकडे तोंड आणि उन्हाकडे पाठ करून ती सावकाश, एकेक घास चावून, ताट पुरं करत होती.